निवांत गांवाचें चित्र कसें पाहावें

आपल्या घरांत चित्रें असतात. कोणाकडे दिनदर्शिकेचें पान, कोणाकडे बाजारांतून आणलेली तसबीर. एकदां खिळा ठोकून चित्र टांगलें कीं आपलें काम संपतें. पुढें त्यावर धूळ बसते, मागें पाल राहते, आणि घरच्या माणसांस विचारलें, "त्या चित्रांत घरें किती आहेत?" तर कोणासहि सांगतां येत नाहीं. हा दोष मी दुसऱ्यांच्याच माथीं मारीत नाहीं. माझ्या स्वतःच्या खोलींत एक चित्र दोन वर्षें टांगलेलें होतें, आणि तें मीं पाहिलेंच नव्हतें, हें मला लिहितांवाचतां न येणाऱ्या एका वृद्धानें दाखवून दिलें. आजचा धडा त्या चित्राचा आहे. उपदेशकांनीं तो आपल्या वर्गांत चालवितांना असेंच एखादें चित्र जवळ घ्यावें. हेंच पाहिजे असें नाहीं.

चित्र तोरणमाळकडचें आहे. ज्यांनीं तें ठिकाण पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर अशी वाट धरिली म्हणजे सपाटी संपते व सातपुड्याचा चढ लागतो. वळणांमागून वळणें घेत सडक माथ्यावर जाते. वर पठार आहे, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंच. पठारावर यशवंत तलावाचें पाणी पसरलेलें आहे, गोरखनाथाचें देऊळ आहे, आणि एका बाजूस सीताखाईचा कडा आहे, जेथें पायांखालची जमीन एकाएकीं नाहींशी होते. हा मुलूख अक्राणी तालुक्यांत मोडतो. तो पूर्वीं धुळें जिल्ह्यांत असे. १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे. वस्ती भिल्ल व पावरा बांधवांची. सपाटीवरील गांवाप्रमाणें येथें घराला घर लागून नसतें. ज्याचें शेत, त्या शेतांतच त्याचें घर. आणि अशीं पांचदहा घरें उतारावर विखुरलेलीं असलीं कीं त्यांचा एक पाडा होतो.

अशाच एका पाड्याचें हें चित्र. एक तरुण चित्रकलाशिक्षक तिकडे गेला होता. एका खडकावर बसून त्यानें तें एका बैठकींत रंगविलें, परततांना एक रात्र तो आमच्या घरीं उतरला, आणि सकाळीं निघतांना तें मला देऊन गेला. कागद हातभर रुंद व वीतभर उंच. रंग पाण्यांत कालविलेले. अगदीं पुढें वाळलेलें गवत व दोन काळे खडक आहेत. त्यांच्यामधून एक वाट निघते, घरांवरून जाते, उजवीकडे वळते आणि कागदाच्या कडेपाशीं दिसेनाशी होते. मध्यभागीं पांच घरें: कुडाच्या, शेणामातीनें सारवलेल्या भिंती, वर देशी कौलें. एका घराच्या छपरांतून धुराची बारीक रेघ वर गेली आहे. घरांच्या डावीकडे एक मोठें झाड, मागें पर्णहीन पळस, त्यावर नुसतीं केशरी फुलें. त्यापलीकडे डोंगरांच्या तीन रांगा, एकीमागें एक, मागची अधिक फिकी. वर मोकळें आकाश. माणूस एकहि नाहीं.

जो कोणी मजकडे येई तो त्या चित्राकडे एकवार पाही व म्हणे, "वा! किती शांत!" मीहि "होय, फार शांत" असें म्हणत असें. येथेंच आमचें पाहणें संपे.

आतां तें पुन्हां पाहूं, आणि प्रथम चित्रकारानें काय केलें आहे एवढेंच पाहूं. तो कोठें बसला होता? हें चित्रच सांगतें. घरांचीं छपरें आपल्याला वरून दिसतात, भिंती थोड्या व कौलें फार दिसतात. ह्यावरून त्याची जागा घरांहून उंच होती. तोच जर खालीं ओढ्यांत बसता, तर भिंती उंच झाल्या असत्या, कौलांची नुसती कड दिसली असती, आणि तेंच घर आपल्यावर उभें राहिल्यासारखें वाटलें असतें. उंचावरून पाहिलेलें घर लहान व निजलेलें दिसतें. म्हणजे चित्रांतील निवांतपणा कांहीं अंशीं पाड्याचा नव्हे, तर त्या खडकाचा आहे ज्यावर चित्रकार बसला होता. कोणतेंहि देखाव्याचें चित्र हातीं आलें तर पाहणाराची जागा आधीं शोधावी. ज्या उंचीवर त्याचे डोळे असतात त्याच उंचीवर चित्रांतील क्षितिजरेषा पडते.

दूरचे डोंगर त्यानें निळे कां रंगविले? आपण तेथें चालत गेलों तर तेथें निळें कांहीं नाहीं. साग आहे, बांबू आहे, मुरूम आहे. परंतु आपल्या डोळ्यांच्या व त्या डोंगरांच्या मध्यें कित्येक कोस हवा आहे. हवेचे अतिसूक्ष्म कण सूर्यप्रकाशांतील निळा अंश इतर अंशांपेक्षां अधिक विखुरतात. जितकी हवा अधिक, तितकी निळाई अधिक आणि डोंगर फिका. आकाश निळें दिसण्याचें कारणहि हेंच. जो चित्रकार हें जाणतो त्याला कित्येक कोसांचें अंतर वीतभर कागदावर मांडतां येतें. आणि जो जाणत नाहीं तो मागचा डोंगर पुढच्याइतकाच हिरवा करितो व सगळे डोंगर एकाच भिंतीला टेंकून उभे करितो.

आणखी एक गंमत पाहा. ह्या चित्रांत सर्वांत उजळ काय आहे? घरांच्या उजव्या बाजूच्या भिंती. त्यांवर कोणता रंग आहे? कोणताच नाहीं. पाण्याच्या रंगांत काम करणारा चांगला कारागीर पांढरा रंग सहसा वापरीत नाहीं. जेथें ऊन पाहिजे तेथें तो कोरा कागद सोडतो. हें सोडणें आधींच ठरवावें लागतें, कारण एकदां रंग लागला कीं ती जागा पुन्हां तशीच कोरी होणें कठीण. उजव्या भिंतींवर ऊन, आणि सावल्या डावीकडे लांब पडलेल्या. मागची डोंगरांची रांग नर्मदेच्या अंगची आहे, म्हणजे चित्र उत्तरेकडे तोंड करून काढलेलें. तेव्हां उजवी बाजू पूर्व होय, आणि वेळ सकाळची. हें कोणी सांगावें लागत नाहीं, सावली सांगते.

वेळ व हवा यांच्याविषयीं चित्रकार किती दक्ष असतो याचें एक उदाहरण देतों. इंग्लंडांत जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) नांवाचा चित्रकार होऊन गेला. तो धान्याच्या गिरणीवाल्याचा मुलगा. आपल्या बालपणच्या खेड्यांतील नदी, गिरणी, गाडीवाट हींच त्यानें जन्मभर रंगविलीं. १८२१ व १८२२ सालीं लंडनजवळ हॅम्पस्टेड येथें राहत असतां त्यानें नुसत्या आकाशाचीं व ढगांचीं कितीतरी लहान चित्रें काढिलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या पाठीवर तारीख, वेळ व वारा कोणत्या दिशेचा हें लिहून ठेविलें. आपला शेतकरी वळिवाचा ढग पाहून बैल सोडतो. हा मनुष्य ढग पाहून कुंचला उचली. दोघांचेंहि पाहणें कामाचें आहे, नुसत्या करमणुकीचें नव्हे.

आणि जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचें आहे. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. तेथें शिकून ते परत आपल्या गांवीं आले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि १९३१ सालीं मरेपर्यंत ते कोल्हापुरांतच राहिले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा कांठ हाच त्यांचा विषय. पहांटेचा रंकाळा, संध्याकाळचा रंकाळा, पावसाळी अंधाराचा रंकाळा. एकच तळें, परंतु तें एकदां पाहून झालें असें त्यांना कधीं वाटलें नाहीं. १९२२ सालीं महाराज वारल्यावर त्यांनीं आपलीं पुष्कळ चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं असें कोल्हापुरांत सांगतात. उरलेल्यांपैकीं कांहीं तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयांत आहेत. तिकडे जाण्याचा योग आला तर अवश्य पाहावींत.

आतां आपल्या मुलांकडे वळूं. मुलांना कागद देऊन "गांवाचा देखावा काढा" असें सांगितलें तर तीं काय काढतात, हें प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. दोन टोंकदार डोंगर, त्यांच्यामध्यें अर्धा सूर्य, सूर्याखालून निघणारी नदी, नदीकांठीं एक झोंपडी आणि झोंपडीच्या शेजारीं एक नारळाचें झाड. मुंबईचीं मुलें हेंच काढतात, विदर्भांतलीं हेंच काढतात. तोरणमाळकडच्या एका पाड्यावर मीं मुलांना कागद व रंगीत खडू दिले, तेव्हां तेथेंहि हेंच निघालें. तेरा मुलें, तेरा नारळ! त्या पठारावर मीं नारळाचें एकहि झाड पाहिलेलें नाहीं. आणि नवल असें कीं हीं सर्व मुलें खरोखरीच्या डोंगरांत, खरोखरीच्या घराच्या अंगणांत बसून, पाठ दाराकडे करून, कोठल्या तरी न पाहिलेल्या गांवाचें चित्र काढीत होतीं. मला प्रथम हंसूं आलें. मग वाटलें, माझें दोन वर्षांचें 'किती शांत' हें ह्या नारळाच्याच जातीचें नव्हतें काय?

असें वाटावयास कारण तो वृद्ध. तो त्याच बाजूच्या एका पाड्यावरचा. नातवाच्या शाळेच्या कामासाठीं खालीं आला होता, तो भेटावयास आला. पावसाचे दिवस होते. मी आंत चहा सांगावयास गेलों व परत आलों तों तो चित्रासमोर उभा. मीं बसा म्हटलें तरी बसेना. तो पावरी व मराठी मिसळून बोलतो. मी त्याचें बोलणें मराठींत देतों.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "हा माणूस होळीच्या आधीं आमच्याकडे आला होता काय?"

मीं विचारलें, "बाबा, तुम्हांला कसें कळलें?"

"पळस फुलला आहे. आणि मोहाखालची जागा अजून झाडलेली नाहीं. मोह पडूं लागला म्हणजे आम्ही झाडाखालचा पालापाचोळा जाळतों, जागा स्वच्छ करतों. नाहींतर फुलें वेंचणार कशीं?"

डावीकडचें तें मोठें झाड मी दोन वर्षें आंब्याचें समजत होतों! मीं तसें सांगितलें तेव्हां तो हंसला. "आंबा असा बोडका होतो काय? अर्धीं पानें गळून गेलीं आहेत पाहा."

मग त्यानें बोट पुढें केलें, परंतु कांचेला लावलें नाहीं. "हीं चार घरें बंद आहेत. दाराला बाहेरून दोरी बांधली आहे."

मीं चष्मा लावून जवळ जाऊन पाहिलें. खरेंच. प्रत्येक दारावर केंसासारखी एक काळसर रेघ आडवी होती. ती मला कुंचल्याची निसटलेली रेघ वाटे.

"आणि खाट भिंतीला उभी केली आहे. घरांत माणूस असला तर खाट अंगणांत आडवी असते. धूर एकाच घराचा आहे, आणि तोहि बारीक. तेथें कोणी म्हातारी असेल; एकटीपुरतें लांकूड घालते."

"बाकीचे कोठें गेले?"

त्यानें माझ्याकडे असें पाहिलें, जणूं मीं पाऊस कोठून पडतो असें विचारलें. "ऊस तोडायला. गुजरातेंत. दिवाळी झाली कीं जातात, होळीला येतात. कांहीं होळी करून परत जातात." थोडें थांबून तो म्हणाला, "ही वाटहि पाण्याची नाहीं. पाण्याची वाट बायकांच्या पावलांची असते, अरुंद असते. ही सडकेला जाते. सामान घेऊन सगळे एकदम उतरतात ना, म्हणून रुंद झाली आहे."

वाचकहो, त्या वाटेचें मीं पाहुण्यांजवळ कितीदां कौतुक केलें होतें! ती डोळ्यांना कशी हळूहळू चित्राच्या बाहेर घेऊन जाते, असें मी मोठ्या जाणतेपणानें सांगत असें.

शेवटीं मीं त्याला म्हटलें, "बाबा, आम्ही सगळे ह्या चित्राला शांत म्हणतों."

"शांत आहेच," तो म्हणाला. "माणसेंच नाहींत, तर आवाज कोण करणार? तुम्हांला आमची शांतता पाहायची तर भादव्यांत या. मका तयार झालेला असतो, बाहेर पाऊस असतो, सगळे घरांत असतात, चुलीभोंवतीं बसून कणसें भाजतात. पोटांत पडत असतें म्हणून कोणी बोलत नाहीं. ती वेगळी."

तो गेल्यावर मला दुसरें एक चित्र आठवलें. आम्ही पाळकीचें शिक्षण घेत असतां आमच्या वाचनालयांत त्याची छापील प्रत होती, आणि रूथच्या पुस्तकाचा पाठ चाले तेव्हां गुरुजी ती भिंतीवरून काढून मेजावर ठेवीत. चित्राचें नांव 'सरवा वेंचणाऱ्या'. तें जां फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकारानें १८५७ सालीं काढिलें. मूळ चित्र पॅरिस येथील ओर्से संग्रहालयांत आहे. मिले हा स्वतः शेतकऱ्याच्या घरांत १८१४ सालीं जन्मला, शेतांत राबलेला होता, आणि १८४९ पासून बार्बिझों नांवाच्या खेड्यांत राहत होता. चित्र सुमारें ८४ सेंटीमीटर उंच व ११२ सेंटीमीटर रुंद आहे.

तेंहि एका शेताचें निवांत चित्र आहे. पुढें तीन बायका: दोघी पार वांकून जमिनीवरचीं कणसें वेंचीत आहेत, तिसरी अर्धवट उठलेली. त्यांचे चेहरे नीट दिसत नाहींत, हात दिसतात. त्यांच्या मागें पुष्कळ दूर, भरपूर उन्हांत, धान्याच्या प्रचंड गंजी, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांची गर्दी. आणि अगदीं उजव्या कोपऱ्यांत, बोटाच्या पेराएवढा, घोड्यावर बसलेला एक कारभारी. ऊन गंजींवर आहे, बायकांवर थोडें. गंजी व बायका यांच्यामध्यें जें रिकामें शेत आहे, तें कोणी ओलांडीत नाहीं. चित्र प्रदर्शनांत लागलें तेव्हां सुखवस्तु टीकाकारांस तें रुचलें नाहीं. तीन गरीब बायकांना एवढें मोठें करून पुढें आणण्याचें काय कारण, असें त्यांना वाटलें.

रूथची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे त्यांना ह्या चित्रांतील एक उणीव चटकन दिसेल. शेताचे कोपरे व पडलेलीं कणसें गरिबांसाठीं व परक्यांसाठीं ठेवावींत असा नियमशास्त्राचा दंडक होता, आणि बवाज शेतांत आल्यावर ती परकी मवाबी स्त्री कोण, कोणाची, हें विचारतो. तिला भाकरीसाठीं जवळ बोलावितो. मिलेच्या चित्रांतला घोडेस्वार मात्र तेथेंच, दूर, कोपऱ्यांत राहतो. मला वाटतें मिलेनें तो मुद्दाम इतका लहान केला. त्याच्या चित्रांत अन्याय कोणी बोलून दाखवीत नाहीं; दोन वस्तूंमधील अंतर तेवढें दाखविलें आहे.

तेव्हां गांवाचें चित्र पाहतांना माणसें कोठें आहेत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुढें आहेत कीं मागें? तोंड दिसतें कीं पाठ? कामांत आहेत कीं शोभेला उभीं केलीं आहेत? आणि मुळींच नसलीं, तर कां नाहींत?

ह्यावर कोणी म्हणेल, मग त्या तरुण शिक्षकानें आपल्याला फसविलें. उपाशी पाड्याचें गोड चित्र काढून दिलें. मला तसें वाटत नाहीं. किंबहुना त्याच्याविषयीं माझा आदर वाढला आहे. त्याला ऊसतोडीची माहिती बहुधा नसावी. असती तर तो बोलला असता. परंतु दारावर दोरी होती, ती त्यानें काढिली. धूर एकाच घराचा होता, त्यानें एकच काढिला. वाट रुंद होती, त्यानें ती रुंदच ठेविली. ज्या गोष्टीचा अर्थ त्याला कळला नाहीं तीहि त्यानें गाळली नाहीं, आणि म्हणूनच अर्थ जाणणारा मनुष्य पुढें उभा राहिला तेव्हां चित्र बोललें. दिनदर्शिकेवर जशीं खेड्यांचीं चित्रें असतात तशी त्यानें डोक्यावर घागर घेतलेली एक हंसरी बाई घातली असती, पांचहि घरांतून धूर काढिला असता, अंगणांत कोंबड्या सोडिल्या असत्या, तर चित्र कदाचित अधिक खपलें असतें. मग त्या वृद्धाला त्यांत वाचण्यासारखें कांहींच उरलें नसतें. फसवणूक ती होय. नारळाच्या झाडाची फसवणूकहि तीच, फक्त ती मुलांची असल्यामुळें निरागस आहे.

आमचे कांहीं उपदेशक विचारतात, चित्र पाहावयास शिकवावें कसें? माझा अनुभव असा आहे कीं आरंभीं कांहीं बोलूं नये. चित्र उजेडांत ठेवावें, सर्वांना जवळ बसवावें आणि निदान एक भजन म्हणण्याइतका वेळ नुसतें पाहूं द्यावें. चित्राचें नांव खालीं छापलेलें असेल तर तें बोटानें झांकावें, कारण नांव वाचलें कीं लोक पाहणें सोडतात. नंतर 'कसें वाटतें?' हें विचारूं नये. त्याचें उत्तर नेहमीं 'छान' असें येतें, आणि धडा तेथेंच मरतो. 'काय दिसतें?' हें विचारावें. कोणी म्हणेल घर. तर घराला दार कोठें, तें उघडें कीं बंद, सावली कोणीकडे, झाड कोणतें, ऋतु कोणता. हीं उत्तरें देण्यास शाळेची गरज नाहीं. उलट मीं पाहिलें आहे कीं जो बुकें शिकला तो आधीं विशेषणें शोधतो, आणि जो गुरें राखतो तो आधीं खुरांच्या खुणा शोधतो. म्हणून म्हाताऱ्यांना मागें बसवूं नका, पुढें बसवा. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसत असेल तर नातवंडानें सांगावें व त्यांनीं अर्थ लावावा. आमच्या येथें ही जोडी फार चांगली चालते.

मुलांकडून चित्र काढवावयाचें तर त्यांना घराबाहेर काढा. ज्या घराचें चित्र काढावयाचें त्याच्यासमोर बसवा, आणि डोळ्यांना जें दिसत नाहीं तें काढूं नये एवढा एकच नियम घाला. पहिल्या दिवशीं रडारड होते. 'सूर्य कोठें काढूं?' असें एकानें मला विचारलें. मीं म्हटलें, पाहून सांग. तो पाठीमागें होता. चित्रांत सूर्यच नाहीं ही कल्पना त्याला मोठी अवघड गेली, परंतु त्यानें घराच्या भिंतीवर स्वतःची सावली पाहिली आणि ती काढिली. दुसऱ्या एका मुलीजवळ निळा खडू नव्हता, हिरवा होता. तिनें डोंगराकडे पाहिलें, हिरवा खडू खालीं ठेविला, आणि डोंगर कोराच सोडला. मीं तिला बक्षीस म्हणून माझी पेन्सील दिली.

तें चित्र मीं त्या वृद्धाला देऊं केलें होतें, हें सांगावयाचें राहिलें. तो उठला तेव्हां मीं तें खिळ्यावरून काढून त्याच्या हातीं दिलें व म्हटलें, "हें तुमचें आहे, घेऊन जा." त्यानें तें दोन्ही हातांनीं धरलें, दारापाशीं उजेडांत नेऊन पुन्हां एकदां त्या बारीक धुराच्या घराकडे पाहिलें, आणि मला परत दिलें.

"आमची भिंत कुडाची," तो म्हणाला. "तींत खिळा बसत नाहीं."

मीं चित्र पुन्हां जागेवर लावलें. त्या शिक्षकाला पत्र लिहिलें आहे. सवड झाली तर तो भाद्रपदांत येईन म्हणतो. पाऊस असेल, कागद ओला होईल, अशी मात्र त्याला काळजी आहे.